रिपोर्टमध्ये २.८ आणि बेअरिंग गेलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुम्ही मनापासून आणि अनुभवातून लिहिलंय म्हणून दोन ओळींत उत्तर द्यायला नको वाटलं, सविस्तरच लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की अमोनियावर चालणाऱ्या कूलिंग प्लांटमधल्या स्क्रू कॉम्प्रेसरची (दोन स्क्रूसारखे रोटर एकमेकांत फिरून गॅस दाबतात ते मशीन) बेअरिंग नुसते चालल्याचे तास मोजून बदलू नका, व्हायब्रेशनचा म्हणजे कंपनाचा ट्रेंड बघून ठरवा. त्यावर सरांचं म्हणणं असं की त्यांच्या कोकणातल्या मासळीच्या फ्रीझिंग प्लांटवर बाहेरची एजन्सी दर महिन्याला रीडिंग घेऊन जायची, हाय स्टेजच्या (दोन टप्प्यांपैकी जास्त दाबाच्या) मशीनचा शेवटचा रिपोर्ट २.८ मिमी प्रति सेकंद, शेरा 'समाधानकारक', आणि त्यानंतर अकराव्या दिवशी थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टच्या दिशेचा भार घेणारं) निकामी झालं, रोटर केसिंगला घासले, ऐन सीझनमध्ये माल दुसरीकडे हलवायची वेळ आली. त्यामुळे हे सगळं नुसतं रिपोर्ट विकायचं काम आहे, जुना ऑपरेटर स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून सांगायचा ते जास्त खरं, आणि तास भरले की बेअरिंग बदलणं हाच सरळ मार्ग, असं त्यांनी लिहिलंय.

सर, त्या रिपोर्टवरचा तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे. पण त्यावरून व्हायब्रेशन मोजण्यात अर्थ नाही हे जे तुम्ही काढलंय ते मला पटत नाही, कारण त्या आकड्यात थ्रस्ट बेअरिंग दिसणारच नव्हतं. हा हिशोब कुणालाही करून बघता येईल असा आहे.

मिमी प्रति सेकंद म्हणजे व्हेलॉसिटी, कंपनाचा वेग, आणि बहुतेक हँडहेल्ड मीटर ती १० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यात मोजतात. बेअरिंगच्या रेसवर (बॉल ज्या कड्यावर फिरतात त्यावर) पहिला बारीक खड्डा पडतो तेव्हा प्रत्येक बॉल त्यावरून जाताना जो टणका बसतो त्याची ताकद काही हजार हर्ट्झवर असते. समजा ५००० हर्ट्झवर तो १ जी (गुरुत्वाच्या त्वरणाएवढा) आहे, बेअरिंगसाठी हे कमी नाही. याची व्हेलॉसिटी काढली तर येते फक्त ०.३ मिमी प्रति सेकंद. हाच १ जी जर ५० हर्ट्झवर असता तर ३१ आली असती! आता एखादं मशीन मुळात ३.० वर चालत असेल तर त्यात हा ०.३ मिळवून ३.३ होत नाही, ओव्हरऑल आकडा वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने निघतो, म्हणजे ३.०२. तेही मीटरने ५००० हर्ट्झपर्यंत मोजलं तर, आणि तो तर १००० ला थांबतो. म्हणजे बेअरिंग सोलून निघायला लागलंय आणि रिपोर्टमध्ये महिनोन्महिने तोच आकडा, हे अगदी शक्य आहे. व्हेलॉसिटी अनबॅलन्स, अलाइनमेंट, ढिले फाउंडेशन बोल्ट यांच्यासाठी उत्तम आहे, ती मोजूच नका असं मी म्हणत नाही, पण बेअरिंगसाठी तेवढ्यावर विसंबणं चूक.

आणि 'समाधानकारक' कुठून आलं? २.८ ही आयएसओ १०८१६ या कंपनाच्या मानकाच्या भाग ३ मधली (२०२२ पासून त्याच्या जागी आयएसओ २०८१६-३ आहे) मर्यादा होती, १५ ते ३०० किलोवॅटच्या मशीनला, रिजिड फाउंडेशनवर, इथपर्यंत दीर्घकाळ चालायला हरकत नाही अशी. पण त्याच भागाच्या सुरुवातीला कुठली मशीन यात धरलेली नाहीत त्याची यादी होती आणि त्यात स्क्रू कॉम्प्रेसर स्पष्ट लिहिलेला होता! स्क्रूसाठी जर्मन इंजिनिअर संघटनेची वेगळी मार्गदर्शिका आहे, व्हीडीआय ३८३६. दुसऱ्याच मशीनचा तक्ता स्क्रूला लावून शेरा मारला जातो आणि प्लांटवाल्याला कुणी सांगत नाही, याचा मला मनापासून संताप येतो, कारण त्या एका शब्दावर विसंबून मॅनेजर शटडाउन पुढे ढकलतो.

वेगळी मार्गदर्शिका का लागते तर स्क्रूचा स्वभावच वेगळा आहे. दोन पोलची मोटर, डायरेक्ट कपल, मेल रोटर (दोनांपैकी मोटरला जोडलेला) साधारण २९६० आरपीएमने फिरतो म्हणजे ४९.३ हर्ट्झ. मेलला ४ लोब म्हणजे उंचवटे असतील तर सेकंदाला १९७ वेळा गॅस डिस्चार्जला (बाहेर पडायच्या बाजूला) ढकलला जातो, आणि हा लोब पास (लोबच्या ठोक्यांची फ्रीक्वेन्सी) नुसता १९७ वर थांबत नाही, ३९५, ५९२, ७८९ असा वर वर जात राहतो, मशीन नवंकोरं असलं तरी. ढोल-ताशा चालू असताना पैंजण ऐकायचा प्रयत्न करावा तसं बेअरिंगचं होतं.

म्हणून एन्व्हलप नावाची मोजायची पद्धत. काही हजार हर्ट्झच्या खालचं सगळं गाळून टाकायचं, वर जे टणके उरतात ते किती वेळाने येतात ते बघायचं. बाहेरच्या रेसला खड्डा असेल तर ढोबळ हिशोब बॉलची संख्या गुणिले फिरण्याचा वेग गुणिले ०.४, आतल्या रेसला ०.६. १३ बॉलचं अँग्युलर कॉन्टॅक्ट (तिरका भार घेणारं) बेअरिंग असेल तर बाहेरच्या रेसचं येतं अडीचशे ते पावणेतीनशे हर्ट्झच्या मध्ये, नेमका आकडा बेअरिंग नंबरवरून कंपनी देते. तो वेगाच्या पूर्ण पटीत बसत नाही, लोब पास मात्र बरोबर चौपट असतो, त्यामुळे दोन्ही वेगळे ओळखता येतात. पण बेअरिंग नंबर माहीत हवा ना! माझ्या पाहण्यात असेही रिपोर्ट आलेत जिथे एन्व्हलपमध्ये १९७ दिसलं म्हणून बेअरिंग खराब लिहिलं आणि धडधाकट मशीन उघडायला लावलं. तुम्ही म्हणता तसा विश्वास उडतो तो अशाने दोन्ही बाजूंनी उडतो.

आता सेन्सर कुठे आणि कसा लावला. थ्रस्ट बेअरिंग बहुतेक मशीनमध्ये डिस्चार्जच्या बाजूच्या कव्हरमागे असतं, रीडिंग तिथे, शाफ्टच्या दिशेने घ्यायला हवं. प्रत्यक्षात काय होतं, कव्हरवर रंगाचे चार थर, त्यावर गंज नाहीतर बर्फाचं पाणी, आणि माणूस हातात प्रोब धरून जिथे हात पोचेल तिथे दाबतो. हातात धरलेल्या प्रोबमधून हजार हर्ट्झच्या वरचं काही भरवशाचं मिळत नाही, साध्या मॅग्नेटने दोनेक हजारापर्यंत, १० हजारापर्यंत जायचं तर नाण्याएवढी जागा घासून सपाट करून स्टड (सेन्सर घट्ट बसवायची आटेदार खुंटी) बसवायला लागतो. एकदाच करायचं काम आहे, आणि पुढचं प्रत्येक रीडिंग त्याच जागेवरून येतं.

लोडचंही तसंच. स्लाइड व्हॉल्व (मशीनची क्षमता कमीजास्त करणारा) १०० टक्क्यांवर असताना घेतलेलं आणि ६० टक्क्यांवर घेतलेलं रीडिंग एका ग्राफवर टाकलं तर तो ट्रेंडच नाही. प्रेशरही लिहून ठेवायला हवं, कारण थ्रस्टवरचा भार मुळात सक्शन (गॅस आत येतो ती बाजू) आणि डिस्चार्जच्या प्रेशरमधल्या फरकातूनच येतो. कंडेन्सिंग (गॅसचा द्रव होण्याचं तापमान) ३० डिग्री असताना अमोनियाचं प्रेशर गेजवर साडेदहा बारच्या थोडं वर असतं, ४० ला साडेचौदा. जानेवारी आणि मे ची तुलना करणार असाल तर हे आकडे शेजारी हवेतच.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल. तुमच्या ऑपरेटरच्या कानावर मी अजिबात शंका घेत नाही. रोज तेच मशीन ऐकणाऱ्या माणसाला बदल लगेच कळतो आणि गॅसबरोबर लिक्विड अमोनिया यायला लागलं तर तो मीटरच्या आधी सांगतो. पण त्याला जे ऐकू येतं ते बेअरिंग बरंच खराब झाल्यावरचं असतं, आणि सहा महिन्यांपूर्वीचा आवाज त्याला काढून दाखवता येत नाही, तो रिटायर झाला की ते ज्ञानही गेलं. तो काय म्हणाला ते तारखेसकट लॉगबुकमध्ये लिहा, ग्राफच्या शेजारी ठेवा, माझा आग्रह एवढाच.

तासांचं म्हणाल तर बेअरिंगचं जे आयुष्य काढतात, एल-१०, त्याचा अर्थच असा की त्याच भाराखाली १०० सारख्या बेअरिंगपैकी ९० तिथपर्यंत जातील आणि १० आधीच जातील. तुमचं त्या दहातलं आहे का हे तास सांगत नाहीत. आणि ज्या नव्वदांचं चांगलं चाललंय ते उघडताना कचरा जाणं, शिम (फट जुळवायची पातळ पट्टी) चुकणं, एण्ड प्ले (शाफ्टची मागेपुढे हालचाल) बिघडणं हा धोका आपणच ओढवून घेतो. कंपनीच्या वॉरंटीत तास असतील तर पाळा, त्यावर वाद नाही.

व्हायब्रेशनलाही मर्यादा आहेत. काही मेकमध्ये रोटरचा आडवा भार व्हाइट मेटलच्या बुशवर (बॉल नसलेल्या मऊ धातूच्या नळीवर) असतो, तिथे बॉलच नाहीत तर बॉलची फ्रीक्वेन्सी कुठून येणार, तिथे तेलातले धातू बघायचे. थ्रस्टसाठी वर्षातून एकदा मशीन बंद असताना डायल गेज लावून रोटर मागेपुढे करून फ्लोट म्हणजे ती हालचाल किती ते मोजायचं आणि मेकरच्या मर्यादेशी ताडायचं, डिस्चार्ज बाजूची फट मिलीमीटरच्या शंभराव्या भागात असते त्यामुळे इथे अंदाज चालत नाही. आणि सक्शनमधून लिक्विड आलं, तेल फेसाळलं, ऑइल प्रेशर पडलं तर बेअरिंग काही मिनिटांत जातं. त्याला मासिक रीडिंग काय करणार, तिथे ऑइल डिफरन्शियलची ट्रिप (तेलाच्या दाबाचा फरक पडला की मशीन आपोआप बंद करणारी) चालू हवी आणि डिस्चार्ज टेंपरेचर अचानक खाली आलं की मशीन थांबवायचं धाडस ऑपरेटरला हवं. ती ट्रिप बायपास करून चालवलेले प्लांट तुम्हीही पाहिले असतील.

म्हणून सर, तुमच्या मशीनबद्दल पुढे बोलायचं तर मला ते बेअरिंग बघायला लागेल. टाकून दिलं नसेल तर दोन्ही रेसचे जवळून फोटो काढा. धातू खवले निघाल्यासारखा सोलला असेल तर तो थकून गेलेला आहे आणि नीट घेतलेल्या एन्व्हलपमध्ये बहुधा काही आठवडे आधी दिसला असता. बॉलचा ट्रॅक रेसच्या मधून सरकून कडेला गेला असेल तर भार जास्त पडत होता, मग बॅलन्स पिस्टनचं (थ्रस्टवरचा भार हलका करणाऱ्या पिस्टनचं) तेल आणि डिस्चार्ज प्रेशर तपासा. आणि सगळं निळं-काळं पडलं असेल तर बेअरिंगला तेल मिळेनासं झालं होतं, ते अकरा दिवसांत कधीही झालेलं असू शकतं, आणि तसं असेल तर रीडिंग कितीही नीट घेतलं असतं तरी त्या रिपोर्टमध्ये ते आलं नसतं. बेअरिंग नंबर आणि शेवटचे दोन ऑइल रिपोर्टही पाठवा, विशेषतः लोहाचा आणि पाण्याचा आकडा.