अर्ध्या तासाच्या ॲप-चाचणीतून ‘सहकार्य 64 टक्के’ कसे निघणार?

शिक्षक-पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरणाऱ्या एका मजकुराचा आशय असा: नवे शैक्षणिक धोरण हस्तांतरणीय कौशल्यांचे मूल्यमापन मागते, मुलाला मोबाइलवर अर्ध्या तासाची चाचणी द्या, संवाद, सहकार्य, समस्या सोडवणे यांची टक्केवारी लगेच हातात येते, यंत्र निष्पक्ष असते, म्हणून शिक्षकांच्या वर्णनात्मक नोंदींची गरज उरत नाही. डिजिटल साधने शाळेत जरूर वापरावीत. पण या कामासाठी, या पद्धतीने वापरली तर मुलांचे नुकसान होईल.

आधी धोरणाचे पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मधला परिच्छेद 4.35 प्रगतिपत्रकाबद्दल आहे. त्यात स्वयंमूल्यमापन, सहाध्यायींनी केलेले मूल्यमापन, प्रकल्प, गटकार्य, पोर्टफोलिओ आणि शिक्षकाचे मूल्यमापन हे सगळे एकत्र मागितले आहे. सॉफ्टवेअरचा उल्लेखही आहे, पण मुलांना स्वतःच्या वाढीचा मागोवा घेता यावा म्हणून. शिक्षकाला बाजूला करा, असे तिथे म्हटलेले नाही.

‘अर्ध्या तासात कौशल्य मोजले जाते’ हा दावा तर कौशल्याच्या नावालाच धरून नाही. हस्तांतरणीय म्हणजे एका कामात शिकलेले दुसऱ्या, वेगळ्या कामात आपण होऊन वापरता येणारे. मग ते किमान दोन कामांत पाहावे लागणारच.

समजा, सहावीच्या गटाला शाळेतल्या गळक्या नळाचे काम दिले. मुलांनी 5 मिनिटे भांडे धरले, 250 मिलिलिटर पाणी जमले. म्हणजे तासाला 3 लिटर, दिवसाला 72 लिटर. शिक्षकांनी सांगितले म्हणून त्यांनी दुपारी पुन्हा मोजले. पाण्याचा दाब बदलला होता, आकडा वेगळा आला, आणि एका मोजणीवर विसंबू नये हे कळले. तीन आठवड्यांनी त्याच गटाला पोषण आहारात ताटात किती भात उरतो हे काढायला सांगा. ‘दोनदा मोजा’ हे मात्र सांगू नका. ‘आज खिचडी होती, उद्या वेगळं असेल, उद्याही मोजू’ असे एखादी मुलगी म्हणाली, तर ते हस्तांतरण. एका बैठकीतल्या बहुपर्यायी प्रश्नांत हा क्षण सापडत नाही. तिथे बऱ्याचदा वाचनाचा आणि टंकलेखनाचा वेगच मोजला जातो. मराठी कीबोर्डची सवय नसलेले मूल उत्तर ठाऊक असूनही मागे पडते.

‘सहकार्य’ मोजणे तर त्याहून अवघड. पीसा या आंतरराष्ट्रीय चाचणीने 2015 साली सहकार्याने समस्या सोडवण्याची संगणकीय चाचणी घेतली. त्यात विद्यार्थ्यांचे साथीदार खरी मुले नव्हती, संगणकातली पात्रे होती, आणि बोलायचे ते ठरलेल्या संदेशांतून निवडायचे होते. सगळ्यांना सारखी परिस्थिती मिळावी, हे त्यामागचे कारण रास्तच. पण रुसलेल्या मित्राला कामात परत आणणे त्यात येत नाही. शिवाय ते निकाल देशांच्या तुलनेसाठी होते, एकेका मुलाच्या प्रगतिपत्रकासाठी नव्हते.

आता ‘यंत्र निष्पक्ष’. शिक्षकांचा कल निकालात शिरतो, हे खरे आहे. सुवाच्य अक्षराच्या, शांत बसणाऱ्या मुलाला सगळीकडेच चढते माप मिळते. पण यंत्राचाही कल असतो. प्रमाण मराठीवर घडवलेले वाक्-ओळख (बोललेले ऐकून लिहून काढणारे) सॉफ्टवेअर अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलीतले शब्द चुकीचे टिपते. अशा चुकीच्या टिपणावरून संवादाचे गुण दिले की बोलीलाच कमी गुण पडतात. गूगल डॉक्समधला आवृत्ती-इतिहास, म्हणजे दस्तऐवजातल्या बदलांची नोंद, ‘कोणी किती काम केले’ दाखवतो म्हणतात, पण पाच मुले एका खात्यावर काम करत असली तर तिथे एकच नाव दिसते. विचार सुचवणारी मुलगी त्या नोंदीत नसतेच.

शिक्षकांचा कल कमी करायला साधा उपाय आहे, आणि डिजिटल साधनाचा खरा उपयोग तिथेच. गटचर्चेच्या 10 ध्वनिफिती निवडा. संवादाच्या चार पातळ्यांची वर्णने आधी लिहून ठेवा. दोन शिक्षकांनी एकमेकांशी न बोलता प्रत्येक फितीला त्यांपैकी एक पातळी द्यावी. आठांपेक्षा कमी ठिकाणी एकमत झाले तर पातळ्यांची वर्णने पुन्हा लिहा. दोष बहुतेक वेळा तिथेच असतो. ‘चांगला संवाद साधते’ यावर कोणाचेच एकमत होणार नाही. ‘दुसऱ्याचा मुद्दा धरून त्यावर प्रश्न विचारते’ हे दोघांनाही ऐकू येते.

फीत नीट हवी. पाच मुलांत एक फोन, मधोमध, पुस्तकावर ठेवलेला. बाकावर नुसता ठेवला तर प्रत्येक ठोका ध्वनिमुद्रित होतो. पंखा बंद, एअरप्लेन मोड चालू, कारण मध्येच फोन आला की ध्वनिमुद्रण तुटू शकते. सुरुवातीला प्रत्येकाने आपला हजेरी क्रमांक बोलावा, म्हणजे नंतर आवाज ओळखता येतात. 64 केबीपीएस या ध्वनिमुद्रणाच्या दर्जावर 20 मिनिटांची फीत जेमतेम 10 एमबी होते.

‘नोंदींची गरज नाही’ हा दावा शिक्षकांच्या थकव्याचा फायदा घेतो. चाळीस मुलांच्या नोंदी एका रात्रीत लिहिणे हा जाचच आहे. म्हणून सगळे ऐकू नका. चाळीस म्हणजे आठ गट. आठवड्याला दोन गट घेतले तर महिन्यात फेरी पूर्ण. प्रत्येक फितीतली मतभेदाची तीन-चार मिनिटे ऐका आणि मुलामागे एकच वाक्य लिहा, मुलाच्या तोंडच्या शब्दांसह. ‘सहकार्य 64 टक्के’ वाचून पालक काय करणार? ‘“उद्याही मोजू” असे कोणी न सांगता सुचवले’ हे वाचून त्यांना आपली मुलगी कळते.

आणि फिती पालकांच्या लेखी संमतीशिवाय घेऊ नका. त्या बाहेरच्या ॲपवर चढवायच्या असतील, तर डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, 2023 मध्ये 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. नोंद लिहून झाली आणि पालकांनी ती पाहिली, की फीत पुसून टाका. व्हॉट्सॲप गटावर तर ती कधीच टाकू नका.