तेरा दिवसांची फूटपट्टी

उपासना साडेनऊला सुरू होते, परंतु माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये घडलेल्या एका निवृत्त सुभेदारांच्या हिशेबी साडेनऊ म्हणजे सव्वानऊ, आणि सव्वानऊला चर्चमध्ये पोहोचायचे म्हणून आठ वाजता सगळ्या कुटुंबाने अंगणात हजर असले पाहिजे. तेथे बुटांची तपासणी होते. पुढचा भाग चमकवून टाचा तशाच सोडणारा जावई मामांना तत्काळ सापडतो, कारण ते तपासणी मागून सुरू करतात. सासूबाई मात्र नवाला पाच कमी असताना सावकाश बाहेर येतात आणि तोवर त्यांची पर्स व 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक सांभाळत मामा फाटकाशी निमूट उभे असतात. या दिरंगाईवर शेरा मारण्याची कोणाची छाती नाही. मामांची तर नाहीच.

1971 च्या युद्धात आपण काय केले हे ते सांगत नाहीत. नातवंडांनी फारच धरले तर "चाललो. पुष्कळ चाललो," एवढ्यावर युद्ध आटोपते. पण 3 डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या तळांवर हल्ला केला आणि 16 डिसेंबरला ढाक्यात जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली, हे सारे ऐन आगमनकाळात, नाताळच्या आत उरकले, याचे त्यांना विलक्षण समाधान आहे. तेव्हापासून घरातल्या आणि मंडळीतल्या प्रत्येक कामाला ते तेरा दिवसांची फूटपट्टी लावतात. मुलीचे लग्न ठरवतानाही लावली होती, असे माझ्या कानावर आहे.

उपदेशाच्या वेळी ते पाठ ताठ ठेवून डोळे मिटतात, तेव्हा नवख्यांना ते प्रार्थनेत आहेत असे वाटते. बसल्या बसल्या झोपून नेमके 'आमेन'ला जागे होणे ही फौजेची विद्या आहे. माझी मान मात्र पुढे पडते आणि बरगडीत कोपर बसते.

चर्चच्या गळक्या छपरासाठी नेमलेली कमिटी तिसऱ्या पावसाळ्यातही कोटेशनेच मागवत आहे, असे वार्षिक सभेत उघड झाले तेव्हा मामा उठले, पाळकसाहेबांना सलाम म्हणताना सवयीने हात कपाळापर्यंत नेला आणि म्हणाले, "तेरा दिवसांत देश स्वतंत्र झाला, साहेब." हे वाक्य इतिवृत्तात कोणत्या विषयाखाली घ्यावे यावर बराच खल झाला आणि अखेरीस कमिटीच मामांच्या हवाली करण्यात आली. त्यांनी त्याच बैठकीत मला चिटणीस नेमले. आज अकरावा दिवस आहे आणि पत्रेवाला फोन उचलत नाही.