ताईला उचलू नका

पुढच्या महिन्यात ताईला मुंबईला न्यायचंय, पाठ दाखवायला. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. दोन्ही पायांना कॅलिपर, घरात कुबड्या, बाहेर चाकाची खुर्ची. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर आहे, तिथेच पुढच्या खोलीत ती ब्लाऊज शिवते. पायाने मशीन चालवता येत नाही म्हणून मोटर बसवलेली, आणि तिचं बटण हाताशी घेतलेलं.

आजवर मुंबई म्हणजे रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस. पण आता सहा-सात तास बसलं की तिच्या कमरेतून कळ निघते, ती दोन दोन दिवस जात नाही. विमान म्हणजे जेमतेम तासाभराचा प्रवास. म्हणून मी ठरवलं, या वेळी होटगी रोडवरच्या आपल्या विमानतळावरूनच जायचं. आई म्हणाली, "विमान कसलं करालाव, रेल्वे काय वाईट आहे का?" तिच्या बोलण्यामागे पैशाची काळजी नव्हती. मागच्या वेळी विमानतळावर काय झालं ते तिला ठाऊक आहे. ते मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. ताईने परवानगी दिली म्हणून लिहितेय. शहर आणि कंपनी दोन्हींची नावं घालू नकोस म्हणाली, घालत नाही.

तेव्हा सोलापूरला विमान नव्हतं. एका मोठ्या शहरातून दुसऱ्या मोठ्या शहरात लग्नाला निघालो होतो. तिकीट काढताना 'व्हीलचेअर हवी' असं सांगितलेलं. टर्मिनलमध्ये सगळं नीट झालं. खुर्ची आली, ढकलणारा मुलगा चांगला होता, तपासणीला बाईमाणूस होती. मग बसने विमानापाशी नेलं आणि समोर शिडी. टर्मिनलमधून थेट विमानाच्या दारात नेणारा एअरोब्रिज नाही, उचलून वर नेणारी गाडी नाही. मी विचारलं, या वर कशा जाणार? तिथला सुपरवायझर अगदी सहज म्हणाला, "दोन मिनिटांत वर नेतो मॅडम, आमच्या मुलांना सवय आहे."

सामान चढवणारी दोन मुलं आली. एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने गुडघ्यांखाली. ताईने लग्नासाठी इरकल नेसली होती. चौथ्या-पाचव्या पायरीवर निऱ्या सुटायला लागल्या. तिचा एक हात त्या मुलाच्या मानेभोवती, दुसऱ्या हाताने ती साडी धरायला बघत होती. उजव्या पायाचं कॅलिपर कठड्यावर आपटलं, तो आवाज मला अजून ऐकू येतो. खाली बसमध्ये चाळीस-पन्नास माणसं थांबली होती. सगळ्यांच्या चेहऱ्यावर कणव होती, कुणीही वाईट वागलं नाही. एका काकांनी त्या मुलांना शाबासकी दिली. ताई सीटवर बसली, पट्टा लावला आणि खिडकीकडे तोंड केलं. लग्नात हसली, जेवली, फोटो काढले. परतल्यावर चौथ्या दिवशी मशीनवर बसल्या बसल्या एवढंच म्हणाली, "मला उचलायचं नव्हतं गं. खुर्ची वर जायला हवी होती."

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. आणि आधी कळलं ते हे, की त्या दिवसाचं मूळ तिकिटातच होतं. विमान कंपन्यांच्या भाषेत व्हीलचेअरचे मुख्य तीन प्रकार आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण शिडी चढता येते. डब्ल्यूसीएचएस म्हणजे शिडी चढता येत नाही, पण विमानाच्या आत चार पावलं टाकता येतात. आणि डब्ल्यूसीएचसी म्हणजे अजिबात चालता येत नाही, थेट सीटपर्यंत न्यावं लागतं. त्यासाठी विमानाच्या आतल्या चिंचोळ्या वाटेत मावेल अशी अरुंद खुर्ची लागते. आमच्या एजंटने नुसतं 'व्हीलचेअर' म्हणून पहिल्याच प्रकारावर खूण केली होती. म्हणजे दोन्ही पायांना कॅलिपर असलेली माझी बहीण कागदावर शिडी चढू शकत होती! कुणी फोन करून विचारलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. एका अक्षराचा फरक. त्या अक्षरावर ठरतं, विमानापाशी उचलणारी गाडी येणार की दोन मुलं.

त्या गाडीला अँब्युलिफ्ट म्हणतात. ट्रकसारखी असते, पाठीमागे बंद खोली. खुर्चीसकट माणूस आत जातो, ती खोली विमानाच्या दाराच्या उंचीपर्यंत वर जाते आणि माणूस सरळ दारातून आत. काही ठिकाणी लांब उताराचा रॅम्प लावतात. दोन्हींत कुणाचा हात अंगाला लागत नाही.

आता मला आपल्या सोलापूरबद्दल बोलायचंय, कारण आपल्या गावाचा स्वभाव मला माहीत आहे. आपण मायाळू माणसं आहोत. गड्ड्याच्या यात्रेत ताईची खुर्ची वाळूत रुतली की हाक मारावी लागत नाही, चार जण येतात आणि खुर्चीसकट उचलून पलीकडे ठेवतात. मतदान केंद्राला पायऱ्या असल्या की पोलीसच पुढे होतो. "येऊ द्या की, उचलून घेऊ की" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय आणि त्यातली माया खरी आहे. पण याच वाक्यामुळे आपल्याकडे रॅम्प झाले नाहीत. दर वेळी कुणीतरी उचलतं, काम भागतं, आणि पायऱ्या तशाच राहतात. शाळेत तिचा वर्ग पहिल्या मजल्यावर होता. दहा वर्षं वडिलांनी पाठीवर नेलं. तो वर्ग खाली आणावा असं ना शाळेला वाटलं, ना आमच्या वडिलांना. वडिलांच्या पाठीचंच सगळ्यांना कौतुक.

उचलण्यात धोकाही आहे, तो सांगितला पाहिजे. पोलिओ झालेल्या पायाची हाडं बारीक आणि ठिसूळ असतात, चुकीच्या जागी धरलं तर मोडतात. मणक्याला दुखापत झालेल्या माणसाला कमरेखाली स्पर्शच कळत नाही, त्याला कुठे खरचटलं ते घरी गेल्यावर दिसतं. आणि उचलणाऱ्याचाही पाय घसरू शकतो, त्याची कंबर जाऊ शकते. त्या मुलांना बॅगा उचलायला ठेवलेलं असतं, माणसं कशी उचलायची हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून त्या दोघांवर माझा राग नाही.

नियम नाहीत म्हणावं, तर ते आहेत आणि चांगले आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, दिव्यांग प्रवाशांसाठी वेगळे नियम आहेत. तिकीट काढताना किंवा निदान ४८ तास आधी गरज कळवायची. त्यानंतर टर्मिनलच्या दारापासून विमानापर्यंत आणि उतरल्यावर बाहेरच्या दारापर्यंत पोहोचवणं ही कंपनीची जबाबदारी, आणि त्यासाठी वेगळा पैसा घ्यायचा नाही. नुसतं अपंगत्व आहे म्हणून डॉक्टरचा दाखला मागता येत नाही. दाखला लागतो तो नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल, स्ट्रेचर किंवा ऑक्सिजन लागत असेल, संसर्गजन्य आजार असेल, तेव्हा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत.

हे नियम माणसांच्या अंगावर उठलेल्या वळांमधून आले आहेत. जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा राहत नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेला निघाल्या असताना त्यांना विमानात बसल्यावर खाली उतरवलं. चार वर्षांनी, मे २०१६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला त्यांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. २०२२ मध्ये रांचीत एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिलं नाही. कंपनीला ५ लाखांचा दंड झाला आणि नियम बदलला. आता कर्मचाऱ्याला नुसतं वाटलं म्हणून प्रवाशाला नाकारता येत नाही, विमानतळावरच्या डॉक्टरने प्रत्यक्ष तपासून सांगावं लागतं. सुधा चंद्रन यांच्यासारख्या नामवंत नर्तिकेला २०२१ मध्ये व्हिडिओ करून सांगावं लागलं, की दर वेळी तपासणीत कृत्रिम पाय काढायला लावू नका. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत ८० वर्षांचे एक आजोबा. त्यांनी दोन खुर्च्या सांगितल्या होत्या, मिळाली एक. तिच्यावर बायकोला बसवलं, स्वतः सोबत चालत निघाले आणि कोसळले. कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. आजोबा परत आले नाहीत.

त्या बातमीनंतर आमच्याकडे एक वाद झाला. चुलतभावाचं म्हणणं, खुर्च्या कमी पडतात कारण धडधाकट माणसं रांग टाळायला खुर्ची मागतात. हे खोटं नाही. पण सोलापुरातून मुलाकडे अमेरिकेला जाणारे आजी-आजोबा खुर्ची का मागतात, ते मी जवळून पाहिलंय. त्यांना चालता येतं. इंग्रजी येत नाही, दुसरं विमान कुठल्या दारातून सुटतं ते कळत नाही, चुकण्याची भीती वाटते. त्यांना सोबत हवी असते आणि मिळते खुर्ची. सोबतीला वेगळा माणूस द्या, स्वस्तात द्या. निम्म्या खुर्च्या मोकळ्या होतील असं मला वाटतं.

खुर्चीपलीकडचीही गरज असते. शेजारच्या मावशींनी चाळीस वर्षं विड्या वळल्या. आता दम लागतो, रात्री ऑक्सिजनचं मशीन लावतात. मुलगा मुंबईला असतो. विमान सुरू झाल्यावर मला विचारलं, "मी बसू शकीन का गं त्यात?" मी त्यांना सांगितलं ते इथेही लिहिते. विमानाच्या आत हवा जमिनीवरच्यासारखी नसते. सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावी इतकी विरळ होऊ शकते. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे, त्याच्याही वर. निरोगी माणसाला काही जाणवत नाही, पण आधीच फुप्फुसं थकलेल्या माणसाचा ऑक्सिजन तिथे उतरतो. त्यामुळे आधी छातीच्या डॉक्टरांना विचारायचं. कंपनीचा वैद्यकीय फॉर्म असतो, तो त्यांच्याकडून भरून घ्यायचा. घरचा सिलिंडर विमानात नेता येत नाही. बॅटरीवर चालणारं छोटं मशीन चालतं, पण आधी मंजुरी घ्यावी लागते, आणि प्रवासाच्या वेळेपेक्षा बरीच जास्त, साधारण दीडपट, पुरेल इतकी बॅटरी भरलेली लागते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते हातातल्या पिशवीत ठेवावं, मोठ्या बॅगेत टाकू नये, खाली ते गोठू शकतं. मावशींनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "हे सगळं इंग्रजीत लिहून द्यायचं का?" हो मावशी, बहुतेक इंग्रजीतच. हे मला सर्वांत जास्त लागलं. फॉर्म मराठीत का असू नये? निदान आपल्या विमानतळावर?

हा विमानतळ आपल्याला सहज मिळालेला नाही. विमानाच्या वाटेत येणाऱ्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवरून गाव दोन तट पडून भांडलं, १५ जून २०२३ ला ती पाडली. सप्टेंबर २०२४ मध्ये उद्घाटन, ९ जून २०२५ ला गोव्याचं पहिलं विमान आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईचं. त्या सगळ्या वर्षांत उद्योग येतील, आयटी येईल, पोरं पुण्याला जायची थांबतील, हे मी शंभरदा ऐकलं. सभेत, मोर्चात, पेपरात. खुर्चीवरचा माणूस त्यात कसा चढेल, हे एकाही भाषणात ऐकलं नाही. आणि खरं तर विमानाची सगळ्यात जास्त गरज त्यालाच आहे. धडधाकट माणूस वंदे भारतने जाईल, रात्रीच्या बसने जाईल. ज्याला सात तास बसवत नाही, त्याच्यासाठी हा एक तास आहे.

या वेळी मी तिकीट काढताना 'व्हीलचेअर' म्हणून थांबणार नाही. डब्ल्यूसीएचसी हीच अक्षरं तिकिटावर आहेत का ते बघणार. ईमेलमध्ये चारच वाक्यं लिहिली आहेत. प्रवाशाला एकही पायरी चढता येत नाही. हाताने उचलणं चालणार नाही. अँब्युलिफ्ट किंवा रॅम्प, आणि आतली अरुंद खुर्ची, दोन्ही ठिकाणी आहे का ते लेखी कळवा. तिची स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत जाईल आणि उतरल्यावर दारातच मिळेल ना, तेही कळवा. (मागच्या वेळी ती सामानाच्या पट्ट्यावर आली होती, पाय ठेवायची पट्टी वाकलेली.) उत्तर आलं की इथे टाकीन. नाही आलं तर एअरसेवावर, म्हणजे विमान प्रवाशांच्या तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर, तक्रार करायची, तेही ठरलंय.

काल संध्याकाळी ताईने शिवणाची टेप काढली आणि स्वतः खुर्चीचं माप घेतलं. उघडी असताना रुंदी, मिटल्यावर रुंदी, चाकाची उंची. वजनाला रेशन दुकानात पाठवली. सगळं गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत लिहून ठेवलंय, दोन ब्लाऊजांच्या मधल्या पानावर.

तुमच्यापैकी कुणी होटगी रोडवरून खुर्चीवरच्या माणसाला घेऊन प्रवास केला असेल, तर खाली लिहा. विमानापर्यंत कसं नेलं, वर कसं चढवलं, उतरवताना काय केलं. चांगलं झालं असेल तर तेही लिहा, ताई वाचतेय.