ग्रामसभेच्या ठरावाने महापालिका थांबत नाही, आणि याचिका म्हणजे स्थगिती नव्हे

भावकीच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड चौथ्यांदा आला. तीनदा सोडून दिला, पण या वेळी खाली काकांनी लिहिलं, "मग यंदा घरपट्टी भरायचीच नाही." फॉरवर्डचं म्हणणं असं: ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला की गाव महापालिकेत घेताच येत नाही, कल्याण-डोंबिवलीच्या 18 गावांच्या निकालात हायकोर्टाने तेच सांगितलं, समावेशाविरुद्धची याचिका चालू असेपर्यंत कर भरू नका, गाव शहरात गेलं की दुसऱ्या दिवशी दहापट बिल येतं, आणि सातबारा बंद होऊन जमीन महापालिकेची होते.

सगळ्यात घातक कराचा सल्ला. याचिका दाखल झाली म्हणजे गाव महापालिकेत घेणारी सरकारची अधिसूचना थांबली असं होत नाही. "कोर्टाने नोटीस काढली" याचा अर्थ सरकारकडून उत्तर मागवलं, एवढाच. आदेशात अधिसूचनेला किंवा कर वसुलीला स्थगिती दिल्याचं वाक्य स्पष्ट दिसलं पाहिजे. ते नसेल तर घरपट्टी देय आहे आणि थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. 10,000 रुपये दोन वर्षं थकवले तर 4,800 रुपये नुसती शास्ती. याचिका हरलात तर तीही भरायची, आणि फॉरवर्ड पाठवणारा त्यातला रुपयाही देणार नाही. भरायचंच असेल मनाविरुद्ध, तर हक्क राखून भरतोय असं लेखी पत्र देऊन भरा.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. कर वाढतो, आणि पाण्याची लाईन, ड्रेनेज मागाहून रखडत येतं. पण "दुसऱ्या दिवशी दहापट बिल" ही थाप आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 129-अ प्रमाणे समाविष्ट गावांत सुरुवातीला जुना दर आणि मग टप्प्याटप्प्याने वाढ असते. बिल हातात आलं की आधी तो टप्पा बरोबर लावलाय का ते बघा. चुका तिथे होतात.

आता ठराव. ज्याला हा वाद समजून घ्यायचाय त्याने सुंदरजास भाटिजा खटला बघावा, आपल्याच ठाणे जिल्ह्यातला. 1982 मध्ये सरकारने कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ आणि उल्हासनगर मिळून एक महापालिका करायचा मसुदा काढला. उल्हासनगरमधल्या सिंधी समाजाने कडाडून विरोध केला आणि अंतिम अधिसूचनेतून उल्हासनगर वगळलं गेलं. मग उरलेल्यांचा सवाल: त्यांना सोडलं, तर आम्हालाच का घेतलं? हायकोर्टाने सरकारला फेरविचार करायला सांगितलं. 1989 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं. महापालिका स्थापन करणं हे कायदे करण्याच्या जातीचं काम आहे. कायद्यात जेवढी प्रक्रिया लिहिलीय तेवढी पाळली की झालं, नैसर्गिक न्यायाच्या (प्रत्येकाचं म्हणणं ऐकून घेण्याच्या तत्त्वाच्या) नावाखाली त्यात आणखी सुनावण्या घुसवता येत नाहीत, असा त्याचा सारांश. ग्रामसभेची संमती त्या प्रक्रियेत नाही. ठराव ही एक हरकत आहे, नकाराधिकार नाही.

मग 18 गावांचं काय? ती गावं महापालिकेतून बाहेर काढून वेगळी नगरपरिषद करायची होती. म्हणजे फॉरवर्डवाल्याने दिशाच उलटी पकडलीय! डिसेंबर 2020 मध्ये हायकोर्टाने ती अधिसूचना रद्द केली, कारण हद्द बदलताना महापालिकेशी विचारविनिमय करणं कायद्यात बंधनकारक आहे आणि एकट्या आयुक्तांचं मत म्हणजे महापालिकेचं मत नव्हे. त्या कारणात ग्रामसभा कुठेच नाही.

ठरावाला खरं वजन येतं ते अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे राज्यघटनेखाली जाहीर झालेल्या आदिवासी भागात. राज्यघटनेच्या अनुच्छेद 243-झेडसी मुळे तिथे नगरपालिकांचा भाग आपोआप लागू होत नाही. आपलं गाव त्या यादीत नाही.

सातबाऱ्याबद्दल फार लिहायची गरज नाही. तो महसूल खात्याचा, तलाठ्याकडेच राहतो. सिटी सर्व्हे झाला तर पुढे प्रॉपर्टी कार्ड येतं. महापालिकेकडे जाते ती ग्रामपंचायतीची मालमत्ता आणि दप्तर, तुमचं शेत नव्हे. कर आकारणीच्या नमुना 8 ची नक्कल मात्र हस्तांतराआधी काढून ठेवा, नंतर ती सापडवताना दमछाक होते.

विरोध करायचाच असेल तर खरी जागा अधिसूचनेच्या मसुद्यावर हरकती घ्यायच्या मुदतीत आहे, बहुधा 30 दिवस. एकाच मजकुराच्या हजार झेरॉक्स देऊ नका, एका ओळीत निकालात निघतात. गट नंबर लिहा. किती टक्के लोक शेतीवर आहेत, लोकसंख्येची घनता किती, हे आकडे लिहा, कारण भाग शहरी ठरवण्याच्या अनुच्छेद 243-क्यू मधल्या निकषांत ते आहेत. मसुद्यात नाव दिलेल्या कार्यालयातच हरकत द्या आणि पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासकट. पुढे कोर्टात "हरकत विचारातच घेतली नाही" म्हणायचं झालं, तर वकील पहिल्यांदा तोच कागद मागेल.