बोर्ड लावून प्रवाळ वाचणार नाही, पाण्यात असताना सांगा

मालवणला स्नॉर्कलिंग केलंय ना बऱ्याच जणांनी? मी पहिल्यांदा केलं तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी थांबली, मास्क लावला, लाइफ जॅकेट होतंच, आणि उतरता उतरता सोबतच्या पोराने हातात पाव दिला, मासे येतात म्हणाला. आले पण, ढिगाने आले, आणि त्या आनंदात मी पायाखाली काहीतरी कडक लागलं त्यावर निवांत उभी राहिले. ते प्रवाळ होतं. मला कितीतरी वर्षांनी कळलं आणि अजूनही आठवलं की वाईट वाटतं.

प्रवाळ दगडासारखं दिसतं पण ती बारीक बारीक प्राण्यांची वसाहत असते, काही जाती वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतात. २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कागदावर वाघाच्या रांगेत. मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ सालचं. पण हे त्या क्षणी मला कोणीच सांगितलं नाही हो! आणि जेट्टीवर बोर्ड लावून काय होणार, तिथे माणूस मोबाईल कुठे ठेवू, पोरं कुठे गेली या गडबडीत असतो.

कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर डायव्हर्सच्या मागे राहून संशोधकांनी बघितलं होतं, २००४ मध्ये छापून आलंय ते. उतरण्याआधी एका वाक्यात सूचना दिली तर काही फरक पडला नाही, पण डायव्ह लीडरने, म्हणजे सोबत उतरणाऱ्या गाईडने, पाण्यात लक्ष ठेवून जिथल्या तिथे टोकलं तेव्हा प्रवाळाला हातपाय लागणं बरंच कमी झालं. म्हणजे जनजागृतीचा पैसा पत्रकं छापण्यात घालवण्यापेक्षा त्या गाईड पोरांवर खर्च करा असं माझं स्पष्ट मत आहे. नुसतं ट्रेनिंगचं सर्टिफिकेट देऊन नाही चालणार, त्याचं पोट टुरिस्ट खूश होण्यावर आहे, तो पाव उगाच देत नाही. पाव न देता काय दाखवायचं, टुरिस्ट घाबरून पाय खाली टाकतो तेव्हा त्याला कसं आडवं तरंगवायचं हे त्याच्या हातात पाहिजे. आणि नांगर प्रवाळावरच पडणार असेल तर आम्हाला शिकवून उपयोग नाही, तिथे होडी बांधायला कायमचे बोये, म्हणजे तरंगते गोळे, लागतात, तो खर्च सरकारनेच करायचा.

मागच्या खेपेला दुसरा एक मुलगा होता. माझे पाय खाली जायला लागले तसं त्याने जॅकेटला धरून वर ओढलं, "ताई, थंय पाय ठेवू नकात, ता जिवंत आसा." बस्स एवढंच. मग पोटावर तरंगत ठेवून बोटाने फटी दाखवत गेला, प्रत्येक फटीत काही ना काही हलत होतं, अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

सुट्टीत जाणार असाल तर होडीत बसायच्या आधीच सांगून टाका, पाव नको, नांगर वाळूत टाका. आणि असा पोरगा भेटला तर त्याला टीप जास्त द्या, का दिली तेही सगळ्यांसमोर सांगा.