‘पूअरली डिफरन्शिएटेड’ वाचून घाबरवणारा मेसेज

कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. विषय लहान मुलांतला न्यूरोब्लास्टोमा, म्हणजे कोवळ्या चेतापेशींची (नर्व्हच्या पेशींची) कॅन्सरची गाठ. त्यात म्हटलंय: रिपोर्टात ‘पूअरली डिफरन्शिएटेड’ (पेशी नीट न पिकलेल्या) आलं की आशा सोडा, ‘डिफरन्शिएटिंग’ (पेशी पक्व होत असलेल्या) आलं की गाठ आपोआप पिकून जिरते, केमो नको, आणि तपासणीचा तुकडा काढायला (बायोप्सीला) सुई लावली की आजार पसरतो. मी पॅथॉलॉजीतली, स्लाइडी बघणं हेच माझं रोजचं काम, म्हणून हे लिहिते.

पहिला मुद्दा साफ खोटा. दीड वर्षाच्या आतल्या बाळात पेशी अर्धकच्च्या असणं अपेक्षितच असतं. विभागणाऱ्या आणि फुटून मरणाऱ्या पेशी मर्यादेत असतील, म्हणजे ५००० पेशींत २०० पर्यंत, तर तोच शेरा ‘अनुकूल’, म्हणजे बरं होण्याची शक्यता जास्त असलेल्या गटात बसतो. उलट पाच वर्षांवरच्या मुलात न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी पक्व होताना दिसल्या तरी गट ‘प्रतिकूल’च. वय न बघता शेऱ्याचा अर्थ लावताच येत नाही. तरी आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवर कैकदा नुसतं ‘वय १’ असतं! तेरा महिने की वीस, यावर गट बदलू शकतो.

दुसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो जास्त घातक. तान्ह्या बाळांतल्या काही गाठी खरंच विरतात, पण ते ठरतं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वारंवार सोनोग्राफी करून. ‘डिफरन्शिएटिंग’ म्हणायला पाच टक्क्यांहून जास्त पेशी पक्व होताना दिसाव्या लागतात: केंद्रक मोठं होऊन एका कडेला सरकलेलं, आत ठळक ठिपका, भोवती भरपूर गुलाबी पेशीद्रव. म्हणजे उरलेल्या ९०-९५ टक्के कच्च्याही असू शकतात. त्यातून एमवायसीएन या गाठ आक्रमक करणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या निघाल्या, तर उपचार कडकच लागतात. केमोनंतर काढलेल्या गाठीतल्या पेशी औषधानेही पक्व दिसतात. त्यामुळे हे वर्गीकरण उपचाराआधीच्या तुकड्यावरच करतात.

सुईचं म्हणाल, तर सुमारे निम्म्या मुलांत निदानाच्या वेळीच आजार हाडांत, अस्थिमज्जेत किंवा इतरत्र पोचलेला असतो. त्याचं खापर बायोप्सीवर कशाला?

दुसरं मत जरूर घ्या. पुण्या-मुंबईला जाताना रिपोर्टाचा मोबाइलवरचा फोटो पुरत नाही. गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइडी मागून घ्या, आणि फॉर्मवर बाळाची जन्मतारीख घाला.