सामुदायिक रेडिओवर गाण्याला जवळपास निम्मा वेळ द्या

दर १३ फेब्रुवारीला जागतिक रेडिओ दिन येतो. युनेस्कोने २०२३ साली त्यासाठी ‘रेडिओ आणि शांतता’ हा विषय दिला होता, २०२५ साली ‘रेडिओ आणि हवामानबदल’. अशा विषयांवर आपल्याकडच्या, स्थानिक संस्थांनी चालवलेल्या सामुदायिक रेडिओ केंद्रांवर कार्यक्रम झाले की साचा बहुतेक ठरलेला असतो. एका तज्ज्ञाचं लांबलचक बोलणं आणि मध्ये दोन सिनेमातली गाणी, तीही त्यात ‘पाऊस’ किंवा ‘माती’ हा शब्द आला म्हणून निवडलेली. हे मला अजिबात पटत नाही. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात निदान १२-१३ मिनिटं गाणं हवं, ते त्याच पंचक्रोशीत रेकॉर्ड केलेलं हवं आणि गप्पा त्या गाण्यातूनच निघायला हव्यात.

प्रसारणासाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं. पुढे २००६च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचे परवाने मिळू लागले आणि २००८मध्ये सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग, तर तेलंगणात माचनूरला दलित शेतकरी महिलांचा संगम रेडिओ सुरू झाला. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत, अशी परवान्यातच अट आहे. बाहेरून आणलेल्या भाषणांनी आणि गाण्यांनी ती पुरी होत नाही.

आता कामाचं. जात्यावरची ओवी रेकॉर्ड करताना पहिली चूक होते ती, “मावशी, जातं राहू द्या, नुसतं म्हणा” असं सांगण्याची. हात फिरायचा थांबला की लय सुटते आणि पाठोपाठ शब्दही अडखळतात. जातं फिरतंच ठेवावं, पण रिकामं नको. दगडावर दगड घासून जी करकर येते, ती नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. मूठमूठ जोंधळे वैरत राहिलं की घरघर मऊ येते, आणि तीच तर आपल्याला हवी असते. जात्याखाली चार पदरी गोणपाट घाला, म्हणजे घुमणारा आवाज जमिनीतून माइकच्या स्टँडमध्ये चढत नाही. माइक जमिनीवर कधीच ठेवू नये. दळणारी बाई पुढेमागे झुकते, तसा आवाजही जवळ-लांब होतो. म्हणून माइक तिच्या कपाळाच्या उंचीवर, तोंडापासून ३०-४० सेंटिमीटरवर, खाली तोंडाकडे वळवून लावावा.

दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरून दळत असतील, तर दोन माइक लावायचा मोह आवरा. इतक्या जवळ लावलेल्या दोन माइकपर्यंत एकच आवाज किंचित मागेपुढे पोचतो. दोन्ही एकत्र करून मोनोत, म्हणजे एकाच वाहिनीत सोडले की त्यातले काही स्वर एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो. दोघींच्या मध्ये, थोडा वर, एकच माइक पुरतो. पंखा, फ्रिज बंद करा. शेवटी कोणी न बोलता ३० सेकंद त्या जागेची शांतताही रेकॉर्ड करा, नंतरच्या जोडकामाला (एडिटिंगला) ती लागतेच.

फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. आवाजाचा सर्वांत उंच ठोका रेकॉर्डरच्या मीटरवरच्या शून्याच्या १२ डेसिबल खालीच राहू द्या, कारण ओवीत शेवटच्या चरणाला गळा अचानक चढतो. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून मागवलेली ओवी प्रक्षेपणाच्या लायकीची उरत नाही. मागवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

भजनी मंडळ किंवा भीमगीतांची गायन पार्टी रेकॉर्ड करताना घोळ वेगळा असतो. एफएमवर सोडण्याआधी वरच्या पट्टीचे आवाज मुद्दाम वाढवले जातात आणि रेडिओ संच ते पुन्हा उतरवतो. खरखर कमी ऐकू यावी म्हणून ही सोय आहे. झांज, टाळ आणि ‘स’, ‘श’सारखी अक्षरं आधीच टोकदार असली, तर ट्रान्समीटरच्या तोंडाशी बसवलेला लिमिटर (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारं यंत्र) टाळांच्या प्रत्येक ठोक्याला अख्खा आवाज दाबतो आणि गायकाचे शब्द बुडतात. स्टुडिओतल्या हेडफोनवर हे कळत नाही. टाळकऱ्यांना गायकाच्या मागे तीनेक मीटरवर उभं करा, ढोलकीचं तोंड माइककडे नको. आणि एकदा तरी साध्या खिशातल्या रेडिओवर ऐकून बघा, बहुतेक श्रोते तसंच ऐकतात.

आता गप्पा. “हवामानबदलाबद्दल काय वाटतं?” असं विचारलं की ऐकीव उत्तरच येतं. नक्षत्रावर विचारा. मृगाच्या पावसावर पेरणी शेवटची कधी साधली? रब्बीची ज्वारी आधी उत्तरा-हस्तात पेरायचात, आता कधी? हस्ताचा पाऊस उभ्या कोणत्या पिकावर येतो? साठीच्या शेतकऱ्याकडून पंधरा मिनिटांत असा तपशील मिळतो की तज्ज्ञाला त्यावर बोलावंच लागतं. तज्ज्ञ हवाच, पण शेतकऱ्यानंतर आणि तीन-चार मिनिटांपुरता.

प्रत्येक भागात श्रोत्याला स्वतः तपासता येईल असा एक आकडा द्यावा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी, म्हणजे १ हेक्टरवर १०,००० लिटर. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर नोंद झाली की ती अतिवृष्टी धरतात आणि नुकसानभरपाईचं गणित तिथून सुरू होतं. मंडळाचं पर्जन्यमापक आपल्या शिवारापासून किती लांब आहे, हा प्रश्न एकदा हवेवर विचारा. हवामानबदल आणि न्याय यांचा संबंध त्यानंतर समजावून सांगावा लागत नाही. शेजारच्या गायन पार्टीकडे पाण्यावरची गाणी असतातच. २० मार्च १९२७च्या महाडच्या चवदार तळ्यापासून पाणी आणि हक्क आपल्या गाण्यात एकत्रच आलेले आहेत.

शांततेचा विषय सर्वांत अवघड. वरच्या आणि खालच्या आळीचं पाण्यावरून बिनसलं असेल, तर दोघांना थेट प्रक्षेपणात समोरासमोर बसवू नका. वेगवेगळं रेकॉर्ड करा आणि पहिला प्रश्न दोघांना एकच: घरी रोज किती हंडे लागतात आणि ते कोण आणतं? मग एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकवा, त्यावर त्याचं म्हणणं घ्या, आणि दोघांचा होकार आल्यावरच प्रसारित करा. जातीचा उल्लेख किंवा नाव घेऊन केलेला आरोप आला, तर तो भाग काढायचा, बीप टाकून ठेवायचा नाही. बीपमुळे लोक नाव ओळखायच्याच मागे लागतात. मधलं गाणं दोन्ही आळ्यांना पाठ असलेलं निवडा. रवांडात १९९४मध्ये आरटीएलएम नावाच्या केंद्राने लोकप्रिय गाणी आणि हलक्याफुलक्या गप्पांमधूनच वंशद्वेष पेरला होता. तिथेच २००४पासून ‘मुसेकेवेया’ ही रेडिओ मालिका दोन गावांच्या भांडणाच्या गोष्टीतून समेटाचं काम करू लागली. माध्यम तेच होतं, म्हणून गाणं निवडणाऱ्यावर बोलणाऱ्याइतकीच जबाबदारी आहे असं मी मानतो.

राजकीय बातम्यांना आपल्या परवान्यात बंदी आहे. हवामान, पाणी-वीजपुरवठा, आपत्ती यांबद्दल स्थानिक प्रशासनाने दिलेल्या सूचना मात्र चालतात. त्या द्यायच्या तर वादळात केंद्र सुरू राहायला हवं, आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. ट्रान्समीटर, मिक्सर आणि संगणक मिळून ३०० वॅट धरले, तर ६ तासांना १,८०० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर तेवढीच देते, पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, शिवाय इन्व्हर्टरही थोडी वीज खातो. म्हणून दोन बॅटऱ्याही किंचित कमी पडतात, तीन हव्यात. विजा चमकत असताना मनोऱ्याच्या अर्थिंगवर विसंबून चालणार नाही, ते पावसाळ्याआधीच मोजून घ्या.

गाणाऱ्या बाईची लेखी संमती घ्या. लिहिता येत नसेल तर तोंडी संमती रेकॉर्ड करा, त्यात नाव, गाव, तारीख आणि “रेडिओवर लावायला माझी हरकत नाही” हे शब्द यावेत. तज्ज्ञाला मानधन देता तेवढंच तिलाही द्या. परंपरेने आलेल्या ओवीवर कोणाचा कॉपीराइट नसला, तरी तिच्या गळ्यातून उतरलेल्या गायनावर तिचा हक्क कायद्याने असतो. प्रसारणात तिचं नाव गाण्याआधी आणि नंतरही घ्या. प्रसारित केलेला कार्यक्रम तीन महिने जपायचं बंधन आहे, त्यानंतर बऱ्याच ठिकाणी जागा नाही म्हणून फाइल्स पुसतात. ओव्यांच्या मूळ फाइल्स पुसू नका. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या इमारतींत ठेवा, फाइलच्या नावात गाव, गायिका, विषय आणि तारीख घाला, आणि एक प्रत मेमरी कार्डवर घालून तिच्या घरी पोचवा.